मधले दोन वाफे

आबांच्या घरच्या चहाला शाईचा वास यायचा. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्याच खिशातलं पेन गळतंय. मी खिसा चाचपायला लागलो, तेव्हा ते म्हणाले, "पेन न्हाई सायेब, मुळ्या. सकाळच्याला त्याच भांड्यात मुळ्या उकळल्यात."

भाताच्या मुळ्या ते आधी सोड्यात शिजवत आणि मग निळी शाई आणि व्हिनेगर यांच्या मिश्रणात उकळत. सोड्याचं भांडं वेगळं होतं. शाईचं मात्र चहाचंच. असं केलं की मुळीच्या आत शिरलेली बुरशी निळी दिसते, असं त्यांचं म्हणणं. भंगारात मिळालेला एक शाळेतला सूक्ष्मदर्शक त्यांनी पडवीत पाटावर मांडला होता. त्यांनी मला त्यात डोळा लावायला लावला. मला माझ्याच पापण्या दिसल्या. मी म्हणालो, "हो, दिसली की." त्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं. दुसरं सांगण्यासाठीच हे सगळं लिहितो आहे.

मी तेव्हा कृषी सहायक होतो. लोणावळ्यात भाड्याने राहायचो आणि कार्ल्याच्या बाजूची काही गावं माझ्याकडे होती. मूळचा मी शिरूरकडचा. आमच्याकडे भात सणासुदीला शिजायचा, त्यामुळे भाताची माझी सगळी अक्कल परीक्षेपुरती होती. कार्ल्याच्या डोंगराखाली एका वाडीत बियाण्याला बुरशीनाशक कसं चोळायचं हे सांगायला मी गेलो होतो. मागच्या ओळीतून एक उंच, वाकलेला म्हातारा उठला आणि त्याने विचारलं, "सायेब, वाईट बुरशी मरंल. चांगली मरंल त्येचं काय?" लोक हसले. मीही हसलो. मग पुड्या वाटून झाल्यावर त्यांच्या मागोमाग त्यांच्या घरी गेलो, कारण मला उत्तर येत नव्हतं.

वाडीत सगळे त्यांना आबा म्हणत. देहूरोडला एका डेपोत त्यांनी उभी नोकरी तपासनीस म्हणून काढली. पट्टे, बकलं, थर्मासची झाकणं असलं काहीबाही तपासायचं. माल बरा असला की हिरवी चिठ्ठी, बाद असला की लाल. त्यांची तक्रार अशी की, तिसरी चिठ्ठी पाहिजे होती. निवृत्त होऊन गावी आल्यावर ती त्यांनी स्वतःच करून घेतली. पिवळी. तिच्यावर लिहायचे 'कळेना'. घरात, गोठ्यात, बांधावर सगळीकडे पत्र्याच्या तुकड्यांना बांधलेल्या चिठ्ठ्या लटकत असत, आणि त्यात पिवळ्याच जास्त. छत्रीला पिवळी. नव्या गॅसच्या शेगडीला पिवळी. एकदा मी निघताना मोटरसायकलपाशी आलो तर आरशाला पिवळी चिठ्ठी अडकवलेली. मी विचारलं, गाडीत काय कळेना? ते म्हणाले, "गाडीला न्हाई. गाडीवाल्याला हाय."

त्यांच्या थोरल्या भावाची बायको, वहिनी, शेजारच्याच घरात राहायच्या. कार्ल्याच्या रस्त्याला त्यांचा मक्याच्या कणसांचा स्टॉल होता, आणि सातबाऱ्यावर नाव त्यांचं होतं. त्या मला म्हणाल्या, "सायेब, आमच्या भावजींना कुनीतरी एकदा पास न्हाईतर नापास करा. लय वर्सं पिवळेच हायेत."

आबांना एवढंच सिद्ध करायचं होतं की भात भाजल्याशिवाय होतो. मावळात रोपं टाकायच्या जागेवर शेण, पाला, गवत अंथरून ते जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. राब भाजला की तण मरतं आणि रोप जोमानं येतं. हे लोकांनी पिढ्यानपिढ्या पाहिलेलं आहे आणि ते खोटं नाही. आबांना वाटायचं की त्यात मातीतलं जे चांगलं आहे तेही जळून जातं. उन्हाळ्यात राब भाजायच्या दिवसांत ते घरोघर जाऊन एक खोरं माती भाजण्याआधी मागत आणि एक खोरं भाजल्यावर. दोन्ही मडक्यांत भरून चिठ्ठ्या लावत. लोक देतही. त्यांना नाही म्हणण्यापेक्षा खोरंभर माती देणं सोपं होतं.

चांगली बुरशी ते डोंगराच्या गवतातून आणायचे. गवताचा गड्डा मुळासकट उपटायचा, त्याला चिकटलेली माती फुटक्या माठांत घालायची, वर ज्वारी पेरायची. ज्वारी गुडघाभर झाली की तिचं पाणी तोडायचं. ती वाळली की तिच्या मुळ्या विळ्यानं बारीक कापून त्याच मातीत कालवायच्या. ती माती म्हणजे विरजण. भाताचा दाणा टोकताना प्रत्येक खड्ड्यात तिची एकेक चिमूट. ही बुरशी मुळीत घर करते आणि जिथं मुळी पोचत नाही तिथून तिला खायला आणून देते, असं ते सांगत. भाताच्या दोन ओळींमध्ये उडदाची एक ओळ. उडदाच्या मुळांवर बारीक गाठी येतात, त्या हवेतलं नत्र धरतात, त्यातलं काही भाताला पोचतं. हे मात्र मला पुस्तकातून माहीत होतं. त्यामुळे मी जोरजोरात मान हलवायचो.

हा प्रयोग चालायचा घराच्या वरच्या बाजूला, उताराच्या वरकस तुकड्यावर. तिथं खाचरासारखं पाणी कोंडता येत नाही म्हणून त्यांनी बारा गादीवाफे केले होते. खालून वर, एक ते बारा. खालच्या खाचरात वहिनी राब भाजून, चिखलणी करून, लावणीचा भात घ्यायच्या. वहिनींचा मुलगा पिंपरीला कामाला होता आणि त्याला वरच्या तुकड्यावर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी तंबू टाकायचे होते. वहिनींनी दोघांचं ऐकून घेतलं आणि निवाडा दिला. तीन सालं भावजींची. तिसऱ्या साली वरच्या तुकड्याचा भात गुंठ्याला खाचराइतका भरला, तर ते जिवंत असेपर्यंत तुकडा त्यांचा. नाही भरला तर तंबू.

पहिल्या दोन सालांत वरचा भात मागेच राहिला, पण दुसऱ्या साली थोडा कमी मागे. तिसऱ्या सालच्या श्रावणात आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ते पंधरा-वीस दिवस देहूरोडला मुलीकडे गेले. जाताना वही माझ्या हातात दिली. प्रत्येक वाफ्याला एक पान होतं. एक दिवसाआड येऊन जे दिसेल ते लिहायचं, एवढंच काम. मी विचारलं, काही कमी-जास्त वाटलं तर काय करू? ते म्हणाले, "काय बी करू नगा. दिसंल त्ये लिवा. कळलं न्हाई तर कळलं न्हाई असं लिवा."

ते गेले आणि तिसऱ्या दिवशी भात पिवळा पडायला लागला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, बाराही वाफे. खाली वहिनींचं खाचर हिरवंगार आणि वर हे आजारी माणसाच्या डोळ्यांसारखं. मी वहीत लिहिलं, 'फिकट'. पाचव्या दिवशी लिहिलं, 'फार फिकट'. सातव्या दिवशी मी लिहिलं नाही.

त्या दिवशी धुकं एवढं होतं की वाफ्याच्या ह्या टोकावरून ते टोक दिसत नव्हतं. वहिनी स्टॉलवर गेल्या होत्या. त्यांच्या पडवीत युरियाचं अर्धं पोतं होतं. मी डोक्यावरचं हेल्मेट काढलं, ते युरियानं भरलं आणि वर जाऊन खालच्या वाफ्यांपासून फेकायला लागलो. संपल्यावर आणखी एक हेल्मेटभर आणलं. माझ्या मनात त्या वेळी काय होतं हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. दया होती. पण नुसती दया नव्हती. म्हातारा हरला तर त्याच्याबरोबर मीही हरणार होतो, कारण तोवर वाडीतली चार-पाच घरं माझ्या शब्दावर भातात उडीद लावायला लागली होती. किती वाफे झाले तेव्हा हेल्मेट रिकामं झालं, हे मी मोजलं नाही. सहा. कदाचित सात. पाऊस आला आणि मी पळालो. हेल्मेटच्या गादीला नंतर महिनाभर उग्र वास येत होता. डोक्यावर घातलं की डोळ्यांत पाणी यायचं.

चार दिवसांनी खालचे वाफे हिरवे झाले. पण गोंधळाची गोष्ट अशी की वरचेही झाले. पाणी उताराने खाली जातं, वर चढत नाही. मग वरच्यांना कशानं रंग आला? म्हणजे मी काही केलं नसतं तरी झालाच असता? मी त्या बांधावर उभा राहून एकदा खाली बघत होतो, एकदा वर.

आबा काळा चष्मा लावून परत आले आणि आल्याआल्या वाफ्यावर गेले. त्यांनी वरच्या एका वाफ्यातला उडीद उपटला, मुळं धुतली. गाठी होत्या. एक फोडून दाखवली, आतून गुलाबी. मग खाली आले. दुसऱ्या वाफ्यातला उपटला. तिसऱ्यातला. पाचव्यातला. मुळं जवळजवळ स्वच्छ. मला कारण माहीत होतं. आयतं नत्र मिळालं की उडीद गाठी धरायचे कष्ट घेत नाही. ते ओलं झाड हातात धरून माझ्याकडे वळले.

"सायेब, हितं काय झालं? तुमी व्हता. सांगा."

मी म्हणालो, "पाऊस फार झाला, आबा. खालच्या अंगाला पाणी साचलं होतं."

त्या माणसानं जन्मभर दुसऱ्याच्या शब्दावर एक बक्कल पास केलं नव्हतं. त्या दिवशी एक डोळा मिटलेला होता म्हणून असेल, किंवा मी सरकारी माणूस म्हणून असेल, त्यांनी माझा शब्द घेतला. वहीत लिहिलं, 'पाणी साचलं. उडदाला सोसलं न्हाई.' आणि माझ्यासमोर दोन लाल चिठ्ठ्या काढून उडदाच्या ओळीला बांधल्या.

भात मात्र भरला. खळ्यावर पायलीनं मोजला, गुंठ्याचा हिशेब झाला, आणि खाचरापेक्षा थोडा जास्तच निघाला. वहिनी शब्दाला जागल्या. हिरवी चिठ्ठी त्यांनी स्वतःच्या हातानं तुकड्याच्या कोपऱ्यात रोवलेल्या मेढीला बांधली आणि मुलाला फोन करून सांगितलं की तंबू दुसरीकडे बघ. आबांनी पेढे आणले. एक पेढा त्यांनी माझ्या हातावर ठेवला आणि मी तो खाल्ला.

पुढच्या साली त्यांनी भात आणि बुरशी ठेवली, उडीद काढून टाकला. पाणी साचलं की टिकत नाही, असं ते सगळ्यांना सांगू लागले. वाडीतल्या घरांनीही काढला. नंतर दरसाल भात थोडा थोडा कमी येत गेला. त्यांना वाटलं, विरजण जुनं झालं. ते पुन्हा डोंगरावर जाऊन नवी माती आणत, नवे माठ भरत. मी हे बघत होतो. प्रत्येक भेटीत आज सांगू असं ठरवून जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. मग माझी बदली झाली. बदली झाली तेव्हा मला बरं वाटलं होतं, हेही लिहिलं पाहिजे.

सात वर्षं गेली. गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी एकटाच बसने कार्ल्याला उतरलो. आबा आता पंच्याहत्तरी ओलांडलेले, पडवीत खाटेवर. दिसतं, पण कमी. सूक्ष्मदर्शकाला पिवळी चिठ्ठी होती. वहिनी भिंतीला टेकून वाल सोलत बसल्या होत्या. मी चहा यायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, कारण चहा आला की माझं धैर्य जातं हे मला ठाऊक होतं. धुकं, हेल्मेट, युरिया, साचलं नव्हतं ते पाणी, सगळं सांगितलं. सांगताना मी त्यांच्या पायांकडे बघत होतो.

 आबा खाटेवर उठून बसले.

"किती वाफे?"

मी म्हणालो, सहा. किंवा सात.

"सहा का सात?"

"आठवत नाही, आबा."

"फेकला त्येचं मी काय म्हनत न्हाई," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "वही तुमच्याजवळ व्हती. लिवलं का न्हाई?"

  माफी मागण्याची वाक्यं मी बसमध्ये तयार केली होती, ती सगळी दुसऱ्याच प्रश्नाची होती.

तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "मला ठावं व्हतं. माझ्या पोत्यातला युरिया कमी झाल्ता."

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. आबांनी विचारलं, "मग बोलली का न्हाईस, वैनी?"

वहिनी वाल सोलत राहिल्या. "कसं बोलू? वरच्या वाफ्यांवर मीच खुराड्यातली झाडण टाकलीती. कोंबड्यांची."

"तू?"

"बघवंना. भात पिवळा पडल्याला बघवतो व्हय कुनाला?"

मला क्षणभर काही समजेना. तो तुकडा हरला असता तर त्यांच्याच मुलाचे तंबू लागणार होते. त्यांनी पैज लावली होती आणि समोरच्याच्या वाफ्यांना खत घातलं होतं. मी तसं म्हणालोही. त्या म्हणाल्या, "पैज भावजींशी व्हती. भाताशी न्हवती."

आबांनी उशाखालची वही काढली. तीच वही. माझ्याकडे दिली आणि पानं वाचायला सांगितली. कोणाच्या हातून काय पडलं ते आम्ही तिघं मांडायला लागलो. मी एकपासून सहापर्यंत. वहिनी बारापासून खाली, चार वाफे. म्हणजे नऊपर्यंत.

"सात आन् आठ," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मधले दोन राह्यले. त्यात कुनी काय न्हाई टाकलं. वाचा."

मी वाचलं. सातवा वाफा: गाठी बऱ्या, भात बरा. आठवा वाफा: गाठी भरपूर, भात चांगला. प्रत्येक वाफ्याचा भात त्यांनी वेगळा मोजून लिहिला होता, आणि आठव्याचा माझ्या युरियाच्या सहांपैकी दोन वाफ्यांपेक्षा जास्त होता. मी दोनदा वाचलं. सगळं खरं होतं तर. बुरशी, उडीद, सगळं. मी हात लावला नसता तरी चाललं असतं. मला लाज वाटली आणि त्याच वेळी आनंदही झाला. हे दोन्ही एकत्र कसं होतं ते मला सांगता येत नाही.

"सायेब," आबा हळूच म्हणाले, "सहा का सात?"

मी डोळे मिटले. धुकं आठवलं, ओल्या हाताला चिकटणारे दाणे आठवले. वाफा आठवला नाही. मी मान हलवली.

"वैनी, चार का पाच?"

वहिनींनी वालाची शेंग हातात तशीच धरली. "टोपलं संपंस्तवर टाकली, भावजी."

आबा पुन्हा आडवे झाले.  मग त्यांनी मला वर जाऊन मेढीची हिरवी चिठ्ठी काढून आणायला सांगितलं. पत्र्याचा तुकडा गंजून गेला होता आणि रंग उडून चिठ्ठी जवळजवळ पांढरी झाली होती. ती त्यांनी वहीत ठेवली. पिवळी काढून मला दिली.

"ही बांधा. पैज झालीच न्हाई म्हनायची. परत तीन सालं. उडीद घालून."

वहिनी म्हणाल्या, "तीन सालं जगावं लागंल मग."

"त्ये कळेना," आबा म्हणाले.

या वर्षी बाराही वाफे पुन्हा टोकले. दाणा मी आणि वहिनींनी टोकला. विरजणाची चिमूट प्रत्येक खड्ड्यात आबांनी बसल्या बसल्या सरकत घातली, त्याला तीन दिवस लागले. उडीदही लागला. वही माझ्याकडे आहे. सुट्टीच्या दिवशी मी जातो आणि दिसेल ते लिहितो.

गेल्या आठवड्यात भात फिकट पडला. बाराही वाफे, तसेच, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मी बांधावर उभा होतो. थोड्या वेळानं वहिनी काठी टेकत वर आल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी हेल्मेट शोधत माझ्या हातांकडे पाहिलं. ते मी गाडीलाच अडकवून आलो होतो. मी त्यांच्या हातांकडे पाहिलं. ते पदराखाली होते. माझी नजर कळल्यावर त्यांनी दोन्ही तळवे बाहेर काढून मला दाखवले.

खालून आबांची हाक आली, काय दिसतंय म्हणून.

मी ओरडून सांगितलं, "पिवळा पडलाय, आबा."

 खालून उत्तर आलं, "लिवा."

मी वही उघडली. एकेका वाफ्याच्या पानावर लिहीत गेलो: फिकट, कोणी काही टाकलं नाही. सातव्या आणि आठव्या पानापाशी थांबलो, आजूबाजूला पाहिलं, आणि तेच लिहिलं. वहिनी माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही. तरी त्या शेवटच्या पानापर्यंत बघत राहिल्या.